भात्याचा हात दिसू दे

पोरी, पेटी मी भजनात शिकलो आणि कॅमेरा लग्नांच्या मांडवात. दोन्हीकडं एकच गोष्ट कळली. चित्र जरा वाईट असलं तर माणूस चालवून घेतो, आवाज वाईट असेल तर पहिल्याच मिनिटाला उठून जातो. तू लोणखेड्याला येऊन तुझं वीस मिनिटांचं एकल वादन चित्रित करणार म्हणतेस, म्हणून आधीच लिहून पाठवतोय. आल्यावर बोलू म्हटलं तर तू आजीच्या कळण्याच्या भाकरीत अडकणार आणि रात्री बारा वाजता माइक कुठं ठेवायचा म्हणून मला उठवणार.

आधी तारीख. संक्रांतीच्या सुट्टीत येते म्हणालीस. ते दोन दिवस मुळीच नको. गुजरात इथून हाकेवर, त्यामुळं आपल्याकडं संक्रांतीला गच्चीगच्चीवर पतंग आणि पतंगापेक्षा मोठे स्पीकर. दत्तजयंतीच्या आसपास सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार, रस्त्याला रात्रभर गाड्या. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, एप्रिल-मेमध्ये तर डीजेशिवाय रात्रच नाही. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस आणि बांधावर बेडूक. या सगळ्यातून उरतो तो पौष. पौषात आपल्याकडं कार्य काढत नाहीत, मांडव नाही, वरात नाही. शिवाय थंडी, म्हणजे पंखा लावायचा नाही. पंख्याची घरघर पेटीच्या खर्जाच्या अंगाला चिकटते, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं सुटत नाही. तेव्हा संक्रांत उलटून जाऊ दे आणि पौष संपायच्या आत ये.

एक अडचण मात्र पौषातही आहे. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम तेव्हा भरात असतो. ऊस भरलेले ट्रॅक्टर रात्रीही चालतात, त्यांच्यावर गाणी लावलेली असतात, आणि बैलगाडीवाले पहाटे तीनलाच निघतात, त्या घुंगरांचा आवाज लांबून येतो. म्हणून पहाटेचा राग नको. भटियार, ललित कितीही गोड वाटले तरी तुझा ललित घुंगरांच्या साथीनं वाजेल. संध्याकाळ त्याहून वाईट, गुरं परततात, देवळात आरती, शहाद्याकडून गाड्या. खरी शांतता बारा ते अडीचच्या मध्ये. म्हणजे राग मध्यरात्रीचा. तू मधुरकंस म्हणालीस, ते जमलं. प्रभाताई अत्र्यांनी मांडलेला राग, वेळ रात्रीची, आणि गत तुझी स्वतःची. नवं वाजवायचं तर असंच.

आता खोली. तुला पुण्यात स्टुडिओची सवय. इथं स्टुडिओ नाही, पण आपल्याकडं त्याच्याहून बरी वस्तू आहे. माडीवरच्या मागच्या खोलीत कापूस भरलाय. भाव वाढेल म्हणून ठेवलाय, तुला माहीतच आहे. त्या खोलीत जाऊन एक टाळी वाजवून बघ. समोरच्या स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवलीस तर ती भिंतीभिंतीवर फिरून परत येते. कापसाच्या खोलीत तिथल्या तिथं मिटते. शहरात लोक पैसे घालून भिंतींना फोम चिकटवतात, खानदेशातल्या निम्म्या घरांत दिवाळी ते होळी तो फुकट रचलेला असतो.

पण अगदी मुकी खोलीही पेटीला मानवत नाही. पेटी मुळात लहान वाद्य, तिला थोडी भिंत लागते, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून कापूस तुझ्या पाठीमागं आणि डाव्या अंगाला राहू दे, उजवी भिंत आणि समोरची भिंत उघडी ठेव. खाली सतरंजी, तिच्यावर माइकच्या स्टँडपुरती घडी घातलेली गोधडी. गोधडी शोभेची नाही. तबल्याचा ठोका जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये शिरतो, तो ती अडवते. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, तेव्हा ढिगावर ताडपत्री टाकून वर जुन्या चादरी पसरायच्या. ताडपत्री उघडी ठेवलीस तर ती उलट आवाज परतवेल आणि वाऱ्याला सळसळेल. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: त्या खोलीत हॅलोजन आणायचा नाही. लग्नाच्या शूटिंगला आम्ही खांद्यावर हजार वॉटचा दिवा घेऊन फिरायचो, मांडवाचं कापड त्याच्या धगीनं तपकिरी पडलेलं मी पाहिलंय. कापसाजवळ बॅटरीवरचा एलईडीच, तोही दोन हात लांब. उदबत्ती, समई सगळं खाली देवघरात.

बॅटरीवरचा दिवा म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. रात्री शेताच्या लाइनीला वीज सोडतात, त्या बाजूचे पंप एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा क्षणभर मान टाकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. तसंच ट्यूबलाइटचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि फोन मुळात सेकंदाला 30 चित्रं घेतो. दोघांचं जुळत नाही, मग चित्रात काळ्या पट्ट्या सरकत राहतात. फोनमध्ये 25 चित्रं आणि शटर 1/50 ठेव, पट्ट्या जातात. साधा कॅमेरा-अ‍ॅप हे करू देत नसेल तर करू देणारं अ‍ॅप घे, पण आधीच घेऊन सराव कर, त्या रात्री नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पेटीचं चित्रण करणारा प्रत्येक जण उजव्या हातामागं धावतो. बोटं पळताना दिसली की त्याला वाटतं, वाद्य दाखवलं. खरं तर पेटीत बोट फक्त दार उघडतं, आत श्वास घालतो तो डावा हात. आलापात भाता अर्धाच उघडा ठेवून तळव्याच्या टाचेनं त्याला नुसता धरून ठेवतात, दाबत नाहीत. समेवर चार बोटांचा एक आखूड झटका, की तोच स्वर उठून बसतो. मींड पेटीत निघत नाही हे सगळे सांगतात, पण दोन स्वरांच्या मध्ये भाता किंचित सैल सोडला तर कानाला घसरल्यासारखं वाटतं, ती करामत पूर्ण डाव्या हाताची. पी. मधुकरांकडून तुळशीदास बोरकरांकडं आली ती गायकी, बेळगावच्या रामभाऊ बिजापुऱ्यांची, नागपूरच्या मनोहर चिमोट्यांची, सगळी याच हातात आहे. चिमोट्यांनी तर पेटी इतकी बदलून घेतली की तिला ‘संवादिनी’ असं वेगळं नाव दिलं. बोरकरांची जी चित्रणं सापडतील ती एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ. फक्त डावा हात बघ. मग तेच डोळे मिटून ऐक. तुला कळेल कॅमेरा कुठं ठेवायचा.

मी सांगतो कुठं ते. तू सरळ समोर तोंड करून बसणार, भाता प्रेक्षकाच्या अंगाला. समोर कॅमेरा ठेवलास तर पेटीच्या पाठीआड तुझी बोटं जातात. डोक्यावर टांगलास तर बोटं दिसतात, तोंड जातं, आणि वाजवणारा माणूस आहे की यंत्र ते कळत नाही. तबलजी तुझ्या उजवीकडं बसणार. म्हणून कॅमेरा तुझ्या डाव्या अंगाला, तिरका, साधारण चार फूट उंचीवर, किंचित खाली बघणारा. तिथून भात्याचा हात सगळ्यांत जवळ, त्याच्यामागं तुझा चेहरा, मग उजव्या हाताची बोटं आणि पलीकडं तबला. मंद्राच्या दोन-चार पट्ट्या तुझ्या कोपराआड जातील, जाऊ दे. उंची याहून कमी केलीस तर मध्य सप्तकही झाकलं जाईल. फोकस आणि उजेड एकदा बोटानं दाबून कुलूप करून ठेव, नाहीतर तू मान हलवलीस की फोन नव्यानं विचार करत बसेल.

एकच कॅमेरा, एकच चौकट, सलग वीस मिनिटं. हे तुला कंटाळवाणं वाटेल. पण मणी कौलांनी 1982 साली ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला, त्यात डागर बंधू गातात-वाजवतात आणि कॅमेरा जागचा हलायची घाई करत नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या 2020 च्या ‘द डिसायपल’मध्ये नायकच शिकलेला गवई घेतला, कारण खरा गाणारा कसा श्वास घेतो ते लपवता येत नाही. महोत्सवासाठी निवड करणाऱ्यांना चित्र कापलेलं दिसलं की पहिली शंका येते, इथं काय चुकलं होतं? दुसरा फोन हवा तर डोक्यावर लाव, पण तो विमा म्हणून.

आता आवाज, म्हणजे पुन्हा डावा हात. फोनच्या आतल्या माइकवर रेकॉर्ड करू नकोस असं मी म्हणतो ते तो कमअस्सल असतो म्हणून नाही. तो स्वतःच्या मनानं आवाज वर-खाली करतो. तू भाता सैल सोडून स्वर बारीक केलास की तो त्याला ओढून मोठा करतो, समेवर झटका दिलास की दाबून टाकतो. म्हणजे तुझ्या डाव्या हातानं जे केलं ते सगळं तो पुसतो. हातात धरायचा छोटा रेकॉर्डर आण, त्यातली आपोआपवाली सोय बंद कर. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. झाल्यातली, म्हणजे शेवटच्या जलद भागातली, तुझी सगळ्यांत जोराची तिहाई आधी वाजवून घे, आणि काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं ठेव. मग हात लावायचा नाही. आलाप ऐकताना बारीक वाटेल, वाटू दे. नंतर सगळं मिळून वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

माइकची जागा पुस्तकात बघू नकोस. पेटी कुणाला तरी वाजवायला सांग, मी आहेच, एक कान हातानं बंद कर आणि दुसरा कान घेऊन पेटीभोवती फीर. भात्याच्या समोर फस्-फस् हवा ऐकू येईल, तिथं नको. स्वरपट्ट्यांच्या अगदी वर लाकडाची टकटक, तिथंही नको. साधारण हातभर उंच, पेटीच्या उजव्या टोकाकडून आत बघणारी एक जागा सापडेल जिथं स्वर गोल लागतो आणि तबलाही फार दूर वाटत नाही. तुझा कान होता तिथं माइक. वाटलं तर तबल्याला वेगळा माइक दे, पण दोनापेक्षा जास्त मांडलेस तर त्यांचीच जुळवाजुळव करत बसशील.

बांगड्या काढ. आजी ओरडेल, तिला माझं नाव सांग. भात्यावरच्या हातात काचेच्या बांगड्या असल्या की प्रत्येक झटक्याला तिसरं वाद्य वाजतं. उजव्या हातातली अंगठी पट्टीवर आपटते, तीही उतरव. खळीची कडक साडी सळसळते, बारीक चौकड्यांचं कापड चित्रात लहरतं. साधी, धुऊन मऊ झालेली, एका रंगाची नेस. पांढरी नको.

सूर लावण्याबद्दल तुला मी काय सांगावं, पण एक सांगतोच. हल्ली सगळे तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतात आणि तबला अ‍ॅपला मिळवतात. पेटीच्या रीडी मात्र ज्यानं लावल्या त्यानं ज्या सुरात लावल्या तिथंच असतात, आणि तुझी काळी दोन अ‍ॅपच्या काळी दोनला तंतोतंत मिळेल याचा भरवसा नाही. पेटीला वळवता येत नाही, तेव्हा अ‍ॅपचा सूर बारीक सरकवून पेटीवर आणायचा आणि तबला पेटीला मिळवायचा. थंड, कोरड्या रात्री तबल्याचं कातडं ताणलं जातं. तबलजींना तास-दीड तास आधी बोलाव, तबले त्या खोलीत उघडे राहू देत, मग हातोडी. पेटीत धूळ जाऊन एखादी रीड मुकी झाली तर घाबरू नकोस, पण सुईनं खुपसूही नकोस. पातळ कागदाची पट्टी तिच्याखालून अलगद ओढ. आणि येण्याआधी पुण्यातच पेटीवाल्याकडून भात्याच्या घड्या बघून घे. मंद्रात धरलेला स्वर किती वेळ टिकतो त्यावरून कळतं हवा कुठं गळते ते.

वीस मिनिटांची वाटणी कागदावर कर. मी म्हणेन आलापाला सहा, पण ते तुझं. फक्त घड्याळ बघून वाजवायचं नाही, दोनदा मोजून वाजव म्हणजे अंगात बसेल. फोनऐवजी कॅमेरा आणलास तर लक्षात ठेव, पुष्कळशा जुन्या कॅमेऱ्यांत एक खोड आहे, चित्रण 29 मिनिटं 59 सेकंदांवर आपोआप बंद पडतं. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त चित्रण करणाऱ्या यंत्रावर वेगळी जकात बसायची, ती टाळायला कंपन्यांनी तसं केलं. तुझं वीस मिनिटांचं आहे, पण आधी कॅमेरा सुरू करून नंतर सूर मिळवत बसलीस तर झाल्याच्या तोंडावर तो गप्प होईल. तेव्हा सूर मिळाल्यावरच कॅमेरा. फोनही विमानवाल्या मोडवर टाक, सगळ्यांचे, माझासुद्धा. जागेची काळजी नको, साध्या एचडीत मिनिटाला साठ एमबीच्या आसपास जातात.

रेकॉर्डर आणि कॅमेरा दोन्ही चालू झाले की चौकटीत एक टाळी वाजव. शेवटीही वाजव. दोन यंत्रांची घड्याळं वीस मिनिटांत थोडी मागं-पुढं होतात, शेवटची टाळी नसेल तर तुला वाटेल तू झाल्यात लय सोडलीस, आणि लय तुझी सुटलेलीच नसेल. शेवटचा स्वर लागल्यावर भात्यातली उरलेली हवा निघेपर्यंत हात तिथंच. मग दहापर्यंत मनात मोज. कॅमेऱ्याकडं बघू नकोस, हसू नकोस, तबलजींनाही आधी सांग की ‘वा’ म्हणायचं ते टाळीनंतर. लग्नाच्या शूटिंगात आम्हाला सगळ्यांत जास्त त्रास त्या माणसाचा व्हायचा जो मंगलाष्टक संपायच्या आत टाळ्या वाजवतो.

ओळीत तीनदा घे, तीनहून जास्त नाही. चौथ्यांदा बोटं बरोबर पडतात आणि वाजवणं जातं. मधे पाणी, गूळ, वाटलं तर आल्याचा चहा. केळी नको, घसा जड होतो असं म्हणतात. तू गाणार नाहीस, पण तबलजी मानतात, त्यांचा मान ठेवायचा.

सुरुवातीच्या पाटीवर राग, ताल, गत कुणाची, तबला कुणाचा, तारीख, लोणखेडा. एवढंच, आणि रागाच्या नावाखाली प्रभाताईंचं नाव. राग कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही, पण ज्यानं तो उभा केला त्याचं नाव न लिहिणं वाईट. बांधलेल्या बंदिशीचं वेगळं. आपल्याकडच्या कायद्यात रचनाकार गेल्यावर त्या वर्षाच्या शेवटापासून पुढं साठ वर्षं हक्क राहतो. गोविंदराव टेंबे 1955 साली गेले, त्यांच्या ‘मानापमाना’च्या चाली 2016 पासून मोकळ्या. कुमार गंधर्व 1992 साली गेले, त्यांच्या बंदिशी 2052 अखेरपर्यंत घरच्यांच्या परवानगीशिवाय नाही. जोड म्हणून तू नाट्यपद वाजवणार असशील तर टेंब्यांचं घे. पेटीवर नाट्यपद म्हटलं की त्यांच्याशिवाय सुरुवात होत नाही.

आणि कुणी म्हणालं की पेटीचं एकल म्हणजे काय शास्त्रीय, तर वाद घालू नकोस. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंद केली होती, ती साथीला का होईना परत यायला 1971 उजाडलं. त्या तीस वर्षांत आपल्या गावांत भजन पेटीवरच होत होतं, रेडिओला विचारून नाही. आणि आपल्याच खानदेशातल्या जळगावात लहानग्या नारायण राजहंसाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, मेहबूब खाँनी शिकवलं, त्याच जळगावात आज त्यांच्या नावानं महोत्सव होतो. एकदा तिथंही अर्ज कर, घरचा आहे.

तबलजी नंदुरबारहून येणार, रात्री अडीचला बस नाही. गाडीचं मी सांगून ठेवलंय, तू पाकीट तयार ठेव, आणि ते वाजवायच्या आधी दे, नंतर नाही. एका कागदावर त्यांची सही घे की चित्रण कुठं-कुठं दाखवणार आहेस त्याला त्यांची हरकत नाही. वादकाचा त्याच्या वादनावर हक्क असतो, साथीदाराचाही. ओळखीचे आहेत म्हणून कागद टाळू नकोस, ओळखीतच तो जास्त लागतो. मग रेकॉर्डरचं कार्ड आणि फोनमधलं चित्रण दोन्ही माझ्या संगणकावर उतरव, एक प्रत पेनड्राइव्हवर तुझ्याबरोबर, आणि पुण्याला पोहोचून ती उघडते का ते बघितल्यावरच कार्ड पुस. कार्डावर नाव टाकताना ‘फायनल’ लिहू नकोस, तारीख लिही.